‘पण’ की ‘आणि’? : सावळ्या रंगाविषयी थोडेसे

पुण्याहून पौडकडे निघाल्यावर भूगाव मागे पडले की मुळशी तालुक्यातील भुकूम लागते. मूळचे हे भातशेतीचे गाव. आज शेतांच्या शेजारी गृहसंकुले उभी राहिली आहेत, आणि परिसरातील मंगल कार्यालयांमुळे लग्नसराईत या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. ठरवून होणाऱ्या अशा प्रत्येक लग्नाआधी एक ‘स्थळ’ आलेले असते, आणि त्याच्या माहितीपत्रकात उंची व शिक्षणाच्या जोडीला बहुधा एक रकाना असतो : वर्ण. गोरा, निमगोरा, गव्हाळ किंवा सावळा यांपैकी एक शब्द तेथे लिहायचा असतो. आपली ख्रिस्ती कुटुंबेही याला अपवाद नाहीत. म्हणून या रकान्याविषयी आपण थोडा विचार करू या.

कोणाला कोण आवडावे, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. एखाद्याला बोलके डोळे भावतात, तर दुसऱ्याला शांत आवाज. परंतु असंख्य घरांची पसंती एकाच रंगापाशी येऊन थांबते, तेव्हा ती केवळ वैयक्तिक राहत नाही. ती शिकवलेली असते. म्हणूनच देश आणि काळ बदलला की तीही बदलते. मॉरिटानियात स्त्रीची स्थूलता हे परंपरेने सौंदर्याचे लक्षण मानले गेले. युरोपात शतकानुशतके फिकट कांती कुलीनतेची खूण होती. १९२० नंतर तेथेच उन्हात रापलेली कांती मिरवण्याची गोष्ट ठरली. आपल्या अजिंठ्याच्या चित्रकारांनी सावळ्या स्त्रियांना राजस, अलंकृत रूपात रंगविले आहे. महाभारतातील द्रौपदीचे एक नाव ‘कृष्णा’ आहे, ते तिच्या सावळ्या वर्णावरूनच.

मग गोरेपणाचा हा आग्रह आला कोठून? त्याची अनेक कारणे सांगितली जातात. जातीची उतरंड आणि गोऱ्या राज्यकर्त्यांचा प्रभाव ही त्यांपैकी दोन. परंतु त्यांच्याही मुळाशी ऊन आणि सावली यांचा भेद दिसतो. त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर ठरतो, आणि उन्हात ते अधिक तयार होऊन त्वचेचे रक्षण करते. नांगरणीपासून मळणीपर्यंत शेतात राबणाऱ्याची कातडी रापते. घरात बसणाऱ्याची उजळ राहते. अशा रीतीने उजळ रंग हा सावलीत बसण्याच्या ऐपतीचा पुरावा ठरला, आणि ज्यांच्या श्रमावर आपले ताट भरते, त्यांचाच रंग उणा मानला गेला.

बाजाराने हा न्यूनगंड अचूक हेरला. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली भारतात आले, आणि २००५ मध्ये पुरुषांसाठीही वेगळे मलम निघाले. सावळ्या व्यक्तीला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली केला. २०२० मध्ये ‘फेअर’ हा शब्द जाऊन त्या मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, आणि ‘शादी डॉट कॉम’ने रंगानुसार स्थळे शोधण्याची सोय काढून टाकली. नावे बदलली, घरातील रकाना मात्र बदललेला नाही.

ही हानी मनापुरतीच राहत नाही. गोरेपणाच्या काही मलमांत पारा असतो, आणि तो मूत्रपिंडांना अपाय करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात डॉक्टरांनी एका मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी किमान १३ जणांनी अशी मलमे वापरल्याचे सांगितले.

मुलीचे वर्णन करताना आपण सहज म्हणून जातो : रंगाने सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे. या वाक्यातील ‘पण’ फार बोलका आहे. बायबलमधील गीतरत्न या पुस्तकाच्या प्रारंभी असाच एक प्रश्न उभा राहतो. तेथील तरुणी द्राक्षमळ्याची राखण करताना उन्हाने काळवंडली आहे; तरीही आपण सुंदर आहोत, हे ती निःशंकपणे सांगते. तिने आपला रंग आणि आपले सौंदर्य ज्या हिब्रू अव्ययाने जोडले आहे, त्याचा अर्थ ‘आणि’ असाही होतो व ‘पण’ असाही. प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘आणि’ निवडला. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात ‘पण’ आला आणि पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत तोच दीर्घकाळ रूढ राहिला. १९८९ च्या एका मान्यवर इंग्रजी आवृत्तीने पुन्हा ‘आणि’ स्वीकारला. मूळ शब्द तोच राहिला. बदलली ती वाचणाऱ्याची दृष्टी.

आपल्या घरातही ही निवड आपल्याच हाती आहे. मुलीची किंवा मुलाची माहिती लिहिताना वर्णाचा रकाना गाळता येतो, आणि समोरून विचारणा झालीच तर ‘प्रत्यक्ष भेटा, बोला’ असे सांगता येते. बाळ जन्मल्यावर ‘रंग कोणावर गेला?’ हा पहिला प्रश्न टाळता येतो. सावळ्या नातीला हळद-साय लावण्याचा सल्ला देण्याआधी आजीने क्षणभर थांबावे. कारण आपल्यात काहीतरी उणे आहे, हे त्या मुलीला पहिल्यांदा कळते ते आरशाकडून नव्हे, तर मायेच्या माणसांकडूनच.