आपत्काळी पोचणारा पैसा

अल्प उत्पन्न हे दारिद्र्याचे एक अंग झाले. पण त्याहून जाचक अंग असे की, आजारपण, नापिकी किंवा बेकारी घरात शिरते त्या घडीला गरिबाच्या हाताशी रोकड नसते आणि ज्या आप्ताजवळ ती असते तो दूरच्या शहरात असतो. केनियात नैरोबीला चाकरी करणाऱ्या मुलाला गावी आईकडे पैसे पाठवायचे झाले, तर पूर्वी बसचा चालक, गावाकडे निघालेला कोणी ओळखीचा मनुष्य किंवा डाकघर यांच्यावर भिस्त ठेवावी लागे. रक्कम कधी वाटेत गहाळ होई, कधी वेळ टळून गेल्यावर पोचे. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर ज्या कोकणी घरांचा संसार चालला, त्यांना ही प्रतीक्षा अपरिचित नाही.

मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरध्वनी कंपनीने केनियात ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. वस्तीतल्या दुकानदाराकडे, म्हणजे कंपनीच्या अडत्याकडे, रोख भरणा करावा, ती रक्कम आपल्या साध्या मोबाइलवर जमा व्हावी, गुप्त क्रमांक दाबून ती आईच्या नावे वळती करावी आणि आईने आपल्या गावच्या अडत्याला ओळखपत्र दाखवून रोकड उचलावी, इतकी ही व्यवस्था सुबोध आहे. तिला इंटरनेट लागत नाही, बँकेत खाते लागत नाही; लोकांची ठेव मात्र बँकांत विश्वस्त निधी म्हणून वेगळी राखलेली असते.

तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की, संकट कोसळल्यावर ही सेवा न वापरणाऱ्या कुटुंबांचा उपभोग सुमारे ७ टक्क्यांनी घटतो, आणि वापरणाऱ्यांचा मात्र घटत नाही, कारण आप्तस्वकीयांची मदत वेळेवर पोचते. २०१६ साली त्यांनी असा अंदाज मांडला की, या सेवेमुळे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातील सुमारे २ टक्के कुटुंबे, दारिद्र्याबाहेर आली. सुमारे १,८५,००० स्त्रिया शेतीऐवजी लहानसहान व्यापाराकडे वळल्या. या अनुमानावर काही अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते विचारात घेतलेच पाहिजेत. परंतु उपाशी झोपणाऱ्या घरात त्याच सायंकाळी पैसा पोचतो, या गोष्टीचे मोल मला निर्विवाद वाटते.

कर्जाची कथा निराळी आहे. २०१२ साली ‘एम-श्वारी’ या नावाने त्याच मोबाइलवर तारणाविना कर्ज मिळू लागले, तेही एका महिन्याच्या मुदतीस साडेसात टक्के आकार घेऊन. वर्षाचा हिशेब केला तर हा दर नव्वद टक्के होतो. पुढे इतर सावकारी ॲपांचा सुळसुळाट झाला, किरकोळ थकबाकीपायी असंख्यांची नावे बुडव्यांच्या यादीत चढली, आणि या सावकारांना परवान्याची सक्ती करणारे नियम मध्यवर्ती बँकेने केले ते २०२२ मध्ये. जी वाट गरिबाच्या घरी मदत नेते तिच्यावरून सावकारालाही मोकाट जाऊ देणे हा राज्यकर्त्यांचा प्रमाद होता, आणि जे देश आज ही व्यवस्था उभारीत आहेत त्यांनी कर्जाचे नियम आधी करावेत, परवाने मागाहून द्यावेत.