शनिवारवाड्यातलं भूत की फ्लॅशची करामत?

शनिवारवाड्यातून रात्री 'काका, मला वाचवा' ऐकू येतं, ही गोष्ट प्रत्येक पुणेकराला पाठ. त्यात कुणी दिल्ली दरवाजाच्या फोटोत पांढरे गोळे दाखवले की ग्रुपमध्ये सन्नाटा! पण जरा थांबा. मोबाईलमध्ये आणि छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. समोरचा धुळीचा कण किंवा पावसाचा थेंब त्यात चमकतो आणि आऊट ऑफ फोकस असल्यानं गोल फुगलेला दिसतो. आरपार दिसणारी बाई? नाईट मोडमध्ये एक्स्पोजर लांबतं. मध्येच चालत गेलेलं माणूस धूसर उमटतं.

मग खात्री कशी करायची? त्याच जागेवरून लगेच फ्लॅश बंद करून दुसरा फोटो काढा. गोळा गायब? मग ती बहुधा फ्लॅशचीच करामत. फोटो फॉरवर्ड होऊन आलाय? मूळ फाईल मागा. आणि तरीही उलगडा झाला नाही, तर ते न सुटलेलं कोडं. भुताचा पुरावा नव्हे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघं १८. त्यामागे पत्रातल्या 'ध'चा 'मा' केल्याची कथा सांगतात. एका अक्षराचं एडिटिंग! मूळ पुरावा तपासावा, हे पुणेकरांना आणखी कुणी शिकवायचं?