दहा सेंटांत कादंबरी

जून १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या बीडल प्रकाशनाने कागदी वेष्टनातली, खिशात मावणारी एक कादंबरी अवघ्या दहा सेंटांना बाजारात आणली. ‘डाइम नॉव्हेल्स’ या गाजलेल्या मालेतलं हे पहिलं पुस्तक: अ‍ॅन स्टीफन्स यांचं ‘मलेस्का’. गोऱ्या शिकाऱ्याशी लग्न केलेल्या मूलनिवासी स्त्रीची ही शोकांतिका. ‘मी तुझी आई’ हे पोटच्या मुलाला सांगण्याचीही तिला मुभा नसते. स्वस्त पुस्तक म्हणजे उथळ मजकूर, हा समज इथेच कोलमडतो. कथा मात्र जुनी होती, १८३९ मध्ये मासिकातून क्रमशः आलेली.

१८६० मध्येच या मालेत आलेल्या ‘सेथ जोन्स’चा लेखक एडवर्ड एलिस जेमतेम वीस वर्षांचा होता. ‘सेथ जोन्स कोण?’ एवढंच विचारणाऱ्या जाहिरातींनी आधीच उत्सुकता ताणली होती. पुढे यादवी युद्धात छावण्यांतले सैनिक या पुस्तकांचे हक्काचे वाचक झाले.

बीडलकडे नोकरी केलेला जॉर्ज मन्रो नंतर त्यांचाच प्रतिस्पर्धी बनला. १८७७ मध्ये त्याने ‘सीसाइड लायब्ररी’ ही मुख्यतः परदेशी कादंबऱ्यांची माला सुरू केली. परदेशी लेखकांना तेव्हा अमेरिकेत स्वामित्वहक्काचं संरक्षण नव्हतं, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या बिनदिक्कत छापता येत. हे संरक्षण १८९१ च्या कायद्याने मिळालं, आणि तेही अटींसह.