इलेक्ट्रॉन क्रायोटोमोग्राफी : जैविक संरचनांची सुस्पष्टता वाढविण्याचे मार्ग

प्रस्तावना :
पेशीतील प्रथिनसंकुले त्यांच्या मूळ स्थानीच पाहता यावीत, हा इलेक्ट्रॉन क्रायोटोमोग्राफीचा हेतू होय. या पद्धतीत नमुना अतिथंड द्रव इथेनमध्ये क्षणार्धात गोठवितात. त्यामुळे पाण्याचे स्फटिक न होता काचेसारखे बर्फ बनते. नमुना साधारणतः उणे ६० ते अधिक ६० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने कलवून प्रतिमा घेतात व त्यांवरून संगणक त्रिमितीय चित्र रचतो. हे चित्र बरेच धूसर असते. त्याची कारणे व उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धूसरतेची कारणे :
इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने जैविक रेणू विघटित होतात. म्हणून त्यांची एकूण मात्रा अल्प ठेवावी लागते. ती अनेक प्रतिमांत विभागली गेल्याने प्रत्येक प्रतिमेत संकेत क्षीण व गोंगाट प्रबळ असतो. शिवाय ६० अंशांपलीकडे इलेक्ट्रॉनांना नमुन्याच्या दुपटीहून अधिक जाडीतून जावे लागते. त्यामुळे त्या दिशांची, म्हणजे सुमारे एकतृतीयांश, माहिती मिळतच नाही.

उपाय :
जाड पेशी आयनशलाकेने तासून १०० ते २०० नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार करतात. प्रतिमा घेताना शून्य अंशापासून आरंभ करून दोन्ही बाजूंना आळीपाळीने कलविल्यास कमी कोनांच्या उत्तम प्रतिमा रेणूंची हानी होण्यापूर्वीच मिळतात.

सर्वांत प्रभावी उपाय सरासरीचा आहे. एकाच संकुलाच्या अनेक प्रती चित्रातून वेगळ्या काढून, एकमेकींशी जुळवून त्यांची सरासरी घेतात. शंभर प्रतींच्या सरासरीने संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे दहापट सुधारते. प्रती निरनिराळ्या दिशांना वळलेल्या असल्यास एकीतील उणी माहिती दुसरी भरून काढते. या मार्गाने २०१६ मध्ये अपरिपक्व एचआयव्ही कणांतील प्रथिनजालाची रचना ३.९ अँगस्ट्रॉमपर्यंत, तर २०२१ मध्ये मायकोप्लाझ्मा न्युमोनिए या जीवाणूच्या पेशीतील रायबोसोमची रचना ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट झाली. दुसऱ्या रचनेत रायबोसोमला जोडलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविकही दिसले.

मर्यादा :
गृहीत नमुनाचित्राशी निव्वळ गोंगाट जुळवून त्याची सरासरी घेतली, तरी तेच नमुनाचित्र उमटते. म्हणून प्रतींचे दोन गट आरंभापासून स्वतंत्र ठेवून त्यांच्या निष्कर्षांतील मेळ तपासणे आवश्यक असते. तसेच, भिन्न अवस्थांतील प्रतींचे वर्गीकरण न केल्यास सरासरीत त्यांच्यातील भेद पुसले जातात.

निष्कर्ष :
सुस्पष्टता केवळ उपकरणाने वाढत नाही. मोजक्या इलेक्ट्रॉनांचा विवेकी वापर आणि सरासरीची निःपक्षपाती तपासणी यांवरही ती अवलंबून असते. पडद्यावरील सुबक आकृती हा पुरावा नव्हे. ती स्वतंत्र पडताळणीस उतरली, तरच पुरावा ठरते.