भिंतीतल्या एसीतून येणारा गार वारा

उन्हाळ्यात ज्या एसीला आपण दुवा देतो, तोच भिंतीत बसवलेला एसी थंडीत दुकानाचे दुसरे दार होतो. मालेगाव-नाशिक भागातील व्यापारी बांधवांना हे सांगायला नको. निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो.

आम्ही दोन हिवाळे गल्ल्यावर शाल पांघरून बसलो. तिसऱ्या वर्षी एसीखालच्या फळीवरून पांढऱ्या पॉपलीनचे तागे काढले, तर घड्यांच्या कडेला काळसर रेघ! वाऱ्याबरोबर रस्त्याची धूळ येत होती. रेघ धुऊन निघाली, पण धुतलेले कापड कोरे म्हणून कसे विकणार? खरे सांगून निम्म्या भावात काढले. मिस्त्रीला बोलावले तर तो म्हणाला, "चाचा, मशीन ठीक आहे, बसवणाऱ्याने फटी सोडल्यात."

फट शोधण्यासाठी वारा असेल त्या रात्री उदबत्ती पेटवून एसीच्या चारी बाजूंनी फिरवावी. धूर हलला की फट सापडली. कापड आधी दूर सरकवावे.

फटी दोन जातीच्या असतात. भिंत आणि लाकडी चौकट यांमधली फट सिमेंटने कायमची बुजवावी. चौकट आणि यंत्र यांमधल्या फटीत मात्र सिमेंट किंवा सिलिकॉन भरू नये, कारण साफसफाईसाठी यंत्र बाहेर ओढावे लागते. तिथे फोमची पट्टी दाबून बसवावी. यंत्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असते. पट्टी कोंबताना तो उतार बिघडू देऊ नये आणि पाणी जाण्याचे भोक बुजवू नये. पुष्कळ यंत्रांत बाहेरची हवा घेण्याची खिटी बटणांजवळ असते. ती बंद करावी. आमची तीन वर्षे उघडीच होती!

एवढे करूनही जाळीतून गारवा येतोच. त्यासाठी आम्ही कातरणाची खोळ शिवली. बाहेरून जाड कॅनव्हास, मधे कातरणाचे थर, आतून रेक्झिन. रेक्झिन हवेच, नुसत्या कापडातून वारा पार होतो. लांबी, रुंदी आणि यंत्र खोलीत जेवढे पुढे आले आहे ते माप घेऊन चारी बाजूंनी दोन इंच जादा ठेवावे, म्हणजे कडा चौकटीवर वेल्क्रोने चिकटते. शिलाईवाल्या भावांनी हंगामात अशा खोळी करून विकायला हरकत नाही. बाहेरून यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. आत ओल कोंडते आणि पत्रा गंजतो.

आता जिवाची गोष्ट. फटी बुजवल्यावर त्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. बंद खोलीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. कारागीर रात्री दुकानात किंवा कारखान्यात झोपत असतील तर मालकाने स्वतः पाहून शेगडी बाहेर काढावी आणि त्यांना रजया द्याव्यात. कापडाच्या गठ्ठ्याजवळ विजेचा हीटरही ठेवू नये.

मार्चमध्ये खोळ काढून जाळी धुवावी, मगच बटण दाबावे. आमच्याकडे एकदा पोराने खोळीसकट एसी चालू केला होता. तेव्हापासून खोळ चढवली की प्लग काढून वायर वर बांधून ठेवतो.