नर्स व्हायचं, पण राहायचं कुठे?

नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत एक ओळ हमखास भेटते : १८९१ साली बाई काशीबाई गणपत या मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका. परीक्षेत एका गुणाची ओळ, मुली पाठ करतात आणि पुढे जातात. मी मात्र बरीच वर्षं तिथेच अडलो आहे. त्या काळी घर सोडून इस्पितळात शिकायला गेलेल्या बाईचा भात कोण शिजवत असेल आणि रात्री तिला पाठ टेकायला जागा कुठे मिळत असेल, हे प्रश्न मला फीपेक्षा मोठे वाटतात.

मुंबईचं कामा हॉस्पिटल, तिथे नर्सिंगचे धडे सुरू करणाऱ्या डॉ. एडिथ पीची, स्त्रियांच्या उपचारांसाठीचा १८८५चा लेडी डफरिन फंड, हे सारं वाचकांना ठाऊक आहे. मिशनऱ्यांनी मिरजेत १८९७मध्ये काढलेली नर्सिंगची शाळाही अपरिचित नाही. सुरुवातीच्या नर्सेस बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन नाहीतर ख्रिस्ती. हिंदू घरांत या कामाला विटाळ चिकटलेला. बाळंतपण सुईणीनं करायचं आणि सुईण बहुधा खालच्या मानलेल्या जातीची.

या सुईणींसाठी त्या काळी चक्क एक शिष्यवृत्ती होती! व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांनी १९०३मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधी उभारला तो पिढीजात सुईणींना शिकवण्यासाठी. शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हुशार, गरीब विद्यार्थी येतो. इथे विद्यार्थिनी बऱ्याचदा निरक्षर, वयानं पोक्त आणि शेकडो बाळंतपणं पार पाडलेली. वर्गात बसायचं तर हातचं काम जाणार, म्हणून तिला पैसे देऊन बोलवावं लागे. निधीच्या पंधरा वर्षांच्या कामाचा अहवाल १९१८मध्ये कलकत्त्याहून छापून निघाला. स्त्री-डॉक्टरांनी आणि शिकलेल्या सुईणींनी लिहिलेले लेख त्यात आहेत. सुईण अस्वच्छ आहे, हट्टी आहे, शिकवलेलं घरी जाऊन विसरते, हा सूर त्यात पुन्हापुन्हा लागतो. अस्वच्छतेनं बाळंतिणी मरत होत्या, हे खरंच. डॉक्टरीणबाईंची तळमळही खोटी नव्हती. पण जिला दोन पैसे देऊन बोलवायचं आणि समोर बसवून तिच्या साऱ्या हयातीचं काम घाणेरडं ठरवायचं, ती परत का येईल? माझ्या मते निधी फसला तो इथे.

पुण्यात नेमकं उलट घडलं. बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी १९०८मध्ये मुंबईत सेवासदन काढलं, त्यामागे भारतीय स्त्रियांना परिचारिका करण्याचा विचार होताच. पुढल्याच वर्षी रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्यात सेवासदन उभं केलं. ससून इस्पितळात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी संस्थेनं वसतिगृह चालवलं. माझ्या लेखी ते वसतिगृह हीच खरी शिष्यवृत्ती. विधवेला माहेरीसासरी जागा नसताना तिच्या डोक्यावर छप्पर आलं, आणि ‘ही रात्री कुठे असते’ या गावच्या प्रश्नाला रमाबाईंच्या नावाचं उत्तर मिळालं.

गाव तरीही गप्प बसलं नाही. सेवासदनाच्या १९११च्या बक्षीस समारंभाची हकीकत रमाबाईंच्या चरित्रात येते. बिनकाठाचं जाडंभरडं लुगडं नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा बक्षीस घ्यायला आली, आणि गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो केली, पाय आपटले. समारंभाच्या शेवटी रमाबाई उठल्या. रूढीनं गांजलेल्या बाईबद्दल ज्यांना कणव नाही त्यांना सुशिक्षित कसं म्हणायचं, असं त्यांनी या पोरांना भर सभेत सुनावलं. पुढच्या आठवड्यात नर्सिंगसाठी डझनभर अर्ज आले म्हणतात. कुठल्याही जाहिरातीनं हे साधलं नसतं.

अर्थात सेवासदनाचा हात मुख्यतः पांढरपेशा घरांतल्या विधवांपर्यंत पोचला. सुईणीच्या लेकीसाठी असं भांडायला तेव्हा कोणी उठलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

पुढचा प्रवास संथ आहे. आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं १९४६मध्ये हिशेब मांडला तेव्हा देशात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स. महर्षी कर्व्यांनी १९१६मध्ये स्थापलेल्या महिला विद्यापीठाला मुंबईत नर्सिंगचं कॉलेज काढायला १९६४ साल उजाडलं.

दिवाळीच्या सुमारास आईच्या किंवा आजीच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवायचा विचार अनेक घरांत होतो. तो इंजिनिअरिंगच्या गुणवंतापाशीच थांबू नये. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सिंग शाळेत जा, आडगावाहून आलेल्या मुलींची चौकशी करा, आणि फीच्या आधी त्यांच्या मेसचं बिल विचारा.