नेत्र परिषदेच्या बॅनरवरची नावं: कोणता डॉक्टर डोळ्याच्या कोणत्या भागाचा?

डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद जवळच्या शहरात भरली की तिचा बॅनर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतोच. वीस-पंचवीस फोटो, खाली नावं आणि नावापुढे अक्षरांची रांग. लगेच कोणीतरी लिहितं, "मोठमोठे डॉक्टर येणार आहेत, आईला दाखवून घ्या." आधी हे सांगून टाकतो की अशा परिषदेत पेशंट तपासत नाहीत. ती डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी भरवलेली असते. पण बॅनर लगेच डिलीट करू नका. कोणता डॉक्टर डोळ्याच्या कोणत्या भागावर बोलणार, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच आपण वाचत नाही.

आमच्याच घरातलं सांगतो. चुलत्यांना बारा वर्षांपासून शुगर. धूसर दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांनी मोतीबिंदूच धरला. मोतीबिंदूसाठी नाव असलेल्या डॉक्टरांकडे ऑपरेशन केलं, लेन्स बसली, तरी नीट दिसेना. पुढचे आठ महिने चष्म्याचे नंबर बदलण्यात गेले. शेवटी एकांनी पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तोवर आत रक्तस्राव होऊन एका डोळ्याची नजर जवळपास गेली होती. ऑपरेशन चांगलं झालं होतं. दुखणं दुसऱ्या जागी होतं.

आता त्या अक्षरांकडे वळू. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं, एक वर्ष इंटर्नशिप आणि त्यानंतर डोळ्यांसाठी तीन वर्षांचं एम.एस. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही एम.एस.च्या तोडीचीच. डी.ओ.एम.एस. हा दोन वर्षांचा डिप्लोमा. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षं काम करणारे अनेक जुने डॉक्टर डिप्लोमावालेच आहेत आणि त्यांचा हात कमी समजायचं कारण नाही. एफ.आर.सी.एस. ही ग्लासगो किंवा एडिंबरोच्या रॉयल कॉलेजची पदवी, पण तिच्या परीक्षा भारतातही होतात. म्हणजे ती अक्षरं दिसली की डॉक्टर विलायतेत राहून आले, असं धरू नका. एम.एस. शालाक्य लिहिलेलं असेल तर ते बी.ए.एम.एस. नंतरचं आयुर्वेदातलं शिक्षण आहे. दोन्हीकडे एम.एस. दिसतं म्हणून गल्लत होते.

चष्म्याचा नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट आणि ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी हे ऑपरेशन करणारे डॉक्टर नव्हेत. पण मोतीबिंदू आधी त्यांच्याच नजरेला पडतो आणि पुढे कुठे जायचं तेही तेच सांगतात.

सगळ्यात कामाचा शब्द पदव्यांच्या मागे लपलेला असतो, तो म्हणजे फेलोशिप. एम.एस. झाल्यावर डॉक्टर डोळ्याच्या एकाच भागाचं काम साधारण वर्ष-दोन वर्षं शिकतो. काही फेलोशिपा थोड्या आठवड्यांच्याही असतात, म्हणून "कुठे केली, किती दिवस केली" हे विचारायला लाजू नका.

रेटिना लिहिलं असेल तर तो पडद्याचा डॉक्टर. शुगरवाल्यांसाठी हाच महत्त्वाचा, कारण पडदा खराब होत असताना सुरुवातीला ना दुखतं, ना कमी दिसतं. म्हणून चांगलं दिसत असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडदा तपासून घ्यायचा. वेळेत कळलं तर लेझरने किंवा डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनने नजर टिकवता येते. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदाही जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. बाळ काचेच्या पेटीत ठेवलं होतं असं घरात कोणी म्हणालं की हे आठवा.

कॉर्निया म्हणजे आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्यावरचा पारदर्शक भाग. उसाचं पातं लागलं, मळणीत कुसळ उडालं, की तिथे जखम होते आणि त्यात बुरशी धरू शकते. अशा वेळी मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब टाकले की लाली कमी होते, बरं वाटतं आणि आत बुरशी वाढत जाते. मग डोळ्यात फूल पडतं. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची एवढंच हातात असतं. लहान मुलांचा तिरळेपणा आणि पापण्यांची कामं यांचे डॉक्टर आणखी वेगळे.

या शाखा वाढवणारे लोक कुठून आले तेही बघण्यासारखं आहे. चेन्नईत १९७८ साली शंकर नेत्रालय सुरू करणारे डॉ. बद्रीनाथ अमेरिकेत पडद्याचं काम शिकून आले होते. हैदराबादेत १९८७ साली एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था उभी करणारे डॉ. गुल्लापल्ली राव कॉर्नियाचे. मदुराईचे डॉ. वेंकटस्वामी यांना बाळंतपणाचं शास्त्र शिकायचं होतं. संधिवाताने बोटं वाकडी झाली म्हणून ते डोळ्यांकडे वळले, त्याच बोटांनी ऑपरेशनं केली आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. आपल्याकडचे डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात मोतीबिंदूच्या कामाने त्यांचं नाव झालं आणि २००८ साली पद्मश्री मिळाली.

बॅनरवर 'चेअरपर्सन' असेल तर तो त्या सत्राचा अध्यक्ष, बोलणारा वेगळा. 'लाइव्ह सर्जरी' म्हणजे ऑपरेशन चालू असताना ते सभागृहात पडद्यावर दाखवतात. भाषणाच्या सुरुवातीला कुठल्या औषध वा मशीन कंपनीकडून पैसे मिळतात का, हे सांगण्याचीही पद्धत आहे. एक खरं, चांगलं बोलणारा प्रत्येक जण चांगलं ऑपरेशन करतोच असं नाही. ज्यांचं नाव कधी बॅनरवर आलं नाही असे चांगले सर्जनही आहेत.

डॉक्टर नोंदणीकृत आहेत का, हे मोबाईलवर बघता येतं. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या वेबसाइटवर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाका. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी अशा परिषदांना हजेरी लावून मिळणारे गुण लागतात. दवाखान्याच्या भिंतीवर हजेरीची प्रमाणपत्रं टांगलेली असतात, ती त्यातलीच. पदवीचं प्रमाणपत्र वेगळं असतं, आधी ते शोधा. आणि शिबिराची गाडी गावात आली तर ऑपरेशन कोण करणार, कुठे करणार आणि दुसऱ्या दिवशी डोळा कोण तपासणार, एवढं गाडीत बसण्याआधी विचारून घ्या.